वर्गसमीकरण अवयव पाडून सोडवताना: सतरा नंबरवाल्यांसाठी

शाळा सुटून बरीच वर्षं झाल्यावर मी सतरा नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून बसायचा, फॉर्म भरून दहावीला बसले. दोन चलांतली समीकरणं जमली. जीएसटी दुकानात काम केल्यामुळे ओळखीचाच होता. गाडं अडलं ते वर्गसमीकरणांपाशी. गाईडमध्ये उदाहरण असायचं, खाली "मधल्या पदाची फोड करू" असं एक वाक्य आणि पुढच्या ओळीत दोन आकडे हजर. ते आले कुठून, याबद्दल अवाक्षर नाही. विचारलं की "सरावानं दिसायला लागतात" असं उत्तर मिळायचं. सराव लागतो हे खरं, पण ते आकडे शोधायला चक्क रीत आहे. अंदाजपंचे काहीच करावं लागत नाही. आता वस्तीतल्या बाहेरून बसणाऱ्या बायकांना आणि मुलांना मी हे प्रकरण शिकवते, त्यातूनच हा लेख झाला.

एक सूचना आधीच. पुस्तकात चलासाठी इंग्रजी अक्षर असतं, मी इथे जुन्या पुस्तकांसारखा क्ष वापरते. तुम्ही वहीत पुस्तकातलंच अक्षर लिहा.

जवळ काय हवं

- वीसपर्यंतचे पाढे. तोंडपाठ नसतील तर कागदावर लिहून समोर ठेवा, आठवड्याभरात कागद लागेनासा होतो.
- चिन्हांचे नियम: वजा गुणिले वजा अधिक, वजा गुणिले अधिक वजा.
- सामाईक अवयव कंसाबाहेर काढता येणं. हे आठवीचं काम. इथे अडखळत असाल तर आधी दोन दिवस तेच करा, नाहीतर पुढे प्रत्येक उदाहरणात पाय अडकेल.
- आखीव वही आणि उजवीकडे कच्च्या कामाचा रकाना.

कॅल्क्युलेटर लागत नाही. बोर्डाच्या परीक्षेत तो चालतही नाही, तेव्हा घरीही हात लावू नका.

१. सगळं एका बाजूला आणा, दुसरीकडे शून्य ठेवा

वर्गसमीकरणाचं सामान्यरूप अक्ष² + बक्ष + क = ० असं असतं. अ, ब, क या संख्या, आणि अ शून्य असून चालत नाही, कारण मग वर्गच उरत नाही. कसंही दिलेलं समीकरण आधी या रूपात मांडायचं: वर्गाचं पद पहिलं, मग क्षचं, मग नुसती संख्या.

सगळ्यात जास्त गुण याच ठिकाणी जातात. समजा दिलंय:

क्ष(क्ष + ३) = १०

डावीकडे अवयव पाडलेलेच दिसतात, म्हणून पुष्कळजण थेट लिहून मोकळे होतात: क्ष = १० किंवा क्ष + ३ = १०. हे साफ चूक आहे. दोन संख्यांचा गुणाकार १० असेल तर त्या २ आणि ५ असतील, १ आणि १० असतील, २० आणि अर्धा असतील, वजा ४ आणि वजा अडीचही असतील. त्यावरून कुठल्याही एकीबद्दल काहीच सांगता येत नाही. गुणाकार शून्य असेल तरच खात्रीनं म्हणता येतं की दोघींपैकी निदान एक शून्य आहे. अवयव पद्धत सगळीच्या सगळी या एका गोष्टीवर उभी आहे, म्हणून उजवीकडे शून्य आल्याशिवाय पुढे सरकायचं नाही.

कंस सोडवा आणि १० डावीकडे घ्या: क्ष² + ३क्ष − १० = ०. आता उदाहरण सुरू झालं.

२. समीकरण हलकं करून घ्या

अवयव पाडायच्या आधी तीन गोष्टी बघा.

सगळ्या पदांना एखाद्या संख्येनं भाग जातो का? ३क्ष² − २१क्ष + ३६ = ० ला तीननं भागलं की क्ष² − ७क्ष + १२ = ० उरतं. उजवीकडच्या शून्याला तीननं भागलं तरी शून्यच, म्हणून हे चालतं. मात्र नुसतं "अवयव पाडा" असं विचारलं असेल, बरोबरचं चिन्हच नसेल, तर तो ३ टाकून देता येत नाही, कंसाबाहेर लिहावाच लागतो.

पहिलं पद वजा आहे का? मग दोन्ही बाजूंना −१ ने गुणून सगळी चिन्हं बदलून घ्या. सगळी म्हणजे सगळी, शेवटचंसुद्धा.

एखादं पद गायब आहे का? क्ष² = ७क्ष असं आलं की दोन्हीकडे क्षने भागून "क्ष = ७" लिहायचा मोह होतो. भागू नका. क्ष शून्य असू शकतो आणि शून्यानं भागता येत नाही. भागलंत की एक मूळ, म्हणजे समीकरण जुळवणारी क्षची एक किंमत, कायमचं हरवलं. क्ष² − ७क्ष = ०, म्हणजे क्ष(क्ष − ७) = ०, मुळं ० आणि ७. मधलं पद नसेल, जसं ४क्ष² − २५ = ०, तर दोन वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र लावा: (२क्ष − ५)(२क्ष + ५) = ०, मुळं ५/२ आणि −५/२. या दोन्ही प्रकारांत फोड करायची गरजच नाही.

३. जोडी शोधा

आता मुख्य काम. मधल्या पदाची दोन पदांत फोड करायला अशा दोन संख्या हव्यात ज्यांचा गुणाकार अ × क येईल आणि बेरीज ब येईल. गुणाकार नुसत्या शेवटच्या पदाचा घ्यायचा नाही, पहिल्या आणि शेवटच्या सहगुणकांचा मिळून घ्यायचा. पहिला सहगुणक १ असला की फरक जाणवत नाही, म्हणून सवय तशी पडते आणि पुढच्या उदाहरणात घात होतो.

६क्ष² − क्ष − १२ = ० घेऊ. गुणाकार ६ × (−१२) = −७२, बेरीज −१.

आधी चिन्हांचा निकाल लावा, आकडे नंतर:

- गुणाकार अधिक, मधलं पद अधिक: दोन्ही संख्या अधिक.
- गुणाकार अधिक, मधलं पद वजा: दोन्ही वजा.
- गुणाकार वजा: एक अधिक, एक वजा. यातल्या मोठ्या आकड्याला मधल्या पदाचं चिन्ह.

आपला गुणाकार वजा आहे. म्हणजे ७२ च्या अशा जोडीचा शोध घ्यायचा जिच्यातल्या आकड्यांचा फरक १ आहे. कच्च्या रकान्यात एकपासून ओळीनं लिहा: १ × ७२, २ × ३६, ३ × २४, ४ × १८, ६ × १२, ८ × ९. एवढ्याच जोड्या, सातवी नाही. फरक १ हवा, म्हणजे ८ आणि ९. मोठा ९, त्याला मधल्या पदाचं वजा चिन्ह. जोडी −९ आणि ८.

ओळीनं लिहिण्याचा फायदा असा की यादी संपते. मनातल्या मनात शोधताना माणूस त्याच चार जोड्यांभोवती घिरट्या घालत राहतो.

यादी लांबलचक होणार असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. गुणाकार तोच ठेवून आकडे जवळ जवळ आणत गेलं की बेरीज कमी होते, लांब नेलं की वाढते. समजा गुणाकार ७६८ आणि बेरीज ६४ हवी आहे. ७६८ म्हणजे आठ वेळा २ आणि एकदा ३. मधली जोडी २४ × ३२, बेरीज ५६. थोडी कमी पडली, म्हणून आकडे जरा दूर न्या: १६ × ४८, बेरीज ६४. झालं. एकपासून सुरू करायची गरज पडली नाही.

वर्गमूळ असलेलं समीकरण दिसलं की उगाच धडकी भरते. √३क्ष² + ४क्ष + √३ = ० बघा. गुणाकार √३ × √३ = ३, बेरीज ४, जोडी ३ आणि १. अवघड फक्त पुढच्या पायरीत आहे: ३ मधून √३ बाहेर काढायचा असेल तर तो √३ × √३ असा लिहायचा. मग √३क्ष(क्ष + √३) + १(क्ष + √३) = ० असं सरळ येतं.

४. जोडी सापडतच नाही?

आधी चिन्हं पुन्हा बघा, दहातल्या निम्म्या वेळी गडबड तिथेच असते. तरीही नाही सापडली तर विवेचक काढा: ब² − ४अक. अ, ब, क पूर्णांक असतील आणि विवेचक पूर्ण वर्ग नसेल, तर पूर्णांकांची जोडी नाहीच. शोध थांबवा आणि पूर्ण वर्ग पद्धत किंवा सूत्र वापरा. क्ष² + ४क्ष + १ = ० चा विवेचक १२. यावर तासभर डोकं फोडलं तरी पूर्णांकी जोडी मिळायची नाही.

आणि विवेचक पूर्ण वर्ग असेल तर तो नुसता "आहे" म्हणून थांबत नाही, जोडीच हातात देतो. हे फारसं कुणी सांगत नाही, मला मात्र यातच खरी मजा वाटते. जोडीतल्या दोन संख्यांची बेरीज ब. त्यांच्यातल्या फरकाचा वर्ग काढला तर तो बेरजेचा वर्ग वजा गुणाकाराची चौपट असतो, म्हणजे ब² − ४अक. विवेचकाचं वर्गमूळ म्हणजे जोडीतला फरक! आपल्या ६क्ष² − क्ष − १२ = ० मध्ये १ + २८८ = २८९, वर्गमूळ १७. बेरीज −१, फरक १७. दोन्ही मिळवून निम्मे केले, ८. वजा करून निम्मे केले, −९. जोडी आली, यादी लिहावीच लागली नाही.

बेरीज आणि फरक माहीत असताना दोन्ही संख्या काढण्याच्या या क्रियेला भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त संक्रमण म्हटलं आहे. तिथे ती अंकगणितात येते. इथे ती फोडीसाठी कामी आली. परीक्षेत हे कच्च्या रकान्यात करा. प्रश्नात "अवयव पद्धतीने सोडवा" लिहिलं असेल तर पक्क्या कामात फोड आणि कंस दिसलेच पाहिजेत.

५. फोड करा, दोन-दोन पदं घ्या

६क्ष² − ९क्ष + ८क्ष − १२ = ०

पहिल्या दोन पदांतून ३क्ष सामाईक, पुढच्या दोनांतून ४:

३क्ष(२क्ष − ३) + ४(२क्ष − ३) = ०

(२क्ष − ३)(३क्ष + ४) = ०

−९क्ष आधी लिहायचं की ८क्ष, याची चिंता नको. उलट लिहून बघा, कंस तेच येतात.

चौथ्या पदाच्या चिन्हाकडे मात्र डोळ्यात तेल घालून बघा. २क्ष² − ११क्ष + १२ = ० मध्ये गुणाकार २४, बेरीज −११, जोडी −८ आणि −३.

२क्ष² − ८क्ष − ३क्ष + १२ = ०

२क्ष(क्ष − ४) − ३(क्ष − ४) = ०

दुसऱ्या गटातून −३ बाहेर काढला की आतलं +१२ हे −४ होतं. घाईत तिथे (क्ष + ४) लिहिलं जातं. तसं झालं तर दोन कंस जुळत नाहीत, आणि ते न जुळणं हाच तुमचा पहारेकरी. कंस वेगळे आले की पुढे ढकलू नका. एकतर चिन्ह चुकलंय किंवा जोडी. "जवळपास सारखे आहेत" म्हणून दामटून नेणारे मी खूप पाहिलेत.

दुसऱ्या गटात सामाईक काहीच दिसत नसेल तर १ किंवा −१ सामाईक असतो. तो लिहा. तो १ गाळला की शेवटच्या ओळीत एक पद गायब होतं.

६. एकेक कंस शून्याबरोबर

२क्ष − ३ = ० किंवा ३क्ष + ४ = ०

मधे "किंवा" लिहायचं. "आणि" लिहिलं तर क्ष एकाच वेळी दोन वेगळ्या किमतींचा झाला, ते शक्य नाही.

क्ष = ३/२ किंवा क्ष = −४/३

कंसातल्या संख्येचं चिन्ह उलटून थेट मूळ लिहिण्याची सवय क्ष + ५ सारख्या कंसापुरती ठीक. २क्ष − ३ वरून मात्र लोक ३ लिहून मोकळे होतात, २ ने भागायचं राहून जातं. ही एक ओळ वाचवून हाती काही लागत नाही, ती पूर्ण लिहा.

७. ताळा

दोन्ही मुळं समीकरणात घालून बघणं हा पक्का ताळा. वेळ कमी असेल तर हा घ्या: मुळांची बेरीज −ब/अ आणि गुणाकार क/अ यायला हवा. आपल्या उदाहरणात ३/२ − ४/३ = १/६ आणि −ब/अ = १/६. गुणाकार −२, आणि −१२/६ सुद्धा −२. दोन्ही जुळले, पान उलटा.

८. शाब्दिक उदाहरण: मुळं दोन, उत्तरं किती?

समीकरण सुटलं म्हणजे उदाहरण सुटलं असं नव्हे. दोन मुळांपैकी कुठलं ठेवायचं हे गोष्ट ठरवते, आणि ते कारणासकट लिहावं लागतं. यासाठी मी भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथातली माकडांची दोन उदाहरणं शिकवते. ११५०च्या सुमाराचा हा ग्रंथ. चाळीसगावजवळच्या पाटणला, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ काढल्याचा शिलालेख आहे. म्हणजे हे गणित आपल्या खानदेशात तेव्हापासून शिकवलं जातंय.

पहिलं: कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग एवढी माकडं रानात खेळतायत, उरलेली बारा टेकडीवर कलकलाट करतायत. एकूण किती?

एकूण क्ष धरा. (क्ष/८)² + १२ = क्ष. दोन्ही बाजूंना ६४ ने गुणून सगळं एकीकडे आणलं की:

क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०

जोडी वर काढलीच आहे, दोन्ही वजा: −४८ आणि −१६.

(क्ष − ४८)(क्ष − १६) = ०

४८ चा आठवा भाग ६, वर्ग ३६, अधिक १२, झाले ४८. १६ चा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२, झाले १६. दोन्ही उत्तरं बरोबर, दोन्ही लिहायची. "शाब्दिक उदाहरणात एक मूळ टाकायचंच असतं" असा काहीतरी नियम पाठ करून बसलेले इथे एक चांगलं उत्तर फुकट घालवतात.

दुसरं: कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा केले, उरलेल्याचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली. एक फांदीवर चढलेलं दिसतंय. एकूण किती?

(क्ष/५ − ३)² + १ = क्ष

कंसाचा वर्ग करा: क्ष²/२५ − ६क्ष/५ + ९ + १ = क्ष. २५ ने गुणा: क्ष² − ३०क्ष + २५० = २५क्ष. एकीकडे आणा:

क्ष² − ५५क्ष + २५० = ०

(क्ष − ५०)(क्ष − ५) = ०

मुळं ५० आणि ५. दोन्ही अधिक, दोन्ही पूर्णांक, ताळाही दोन्हींचा जुळतो. पण ५ घेऊन गोष्ट वाचा. पाचवा भाग १, त्यातून तीन वजा केले तर −२. वजा दोन माकडं कुठून आणणार? वर्ग केल्यावर ते वजा चिन्ह पुसलं गेलं, म्हणून समीकरणाला खटकलं नाही, गोष्टीला मात्र खटकतं. भास्कराचार्यांनीही इथे दुसरं मूळ नाकारलंय, ऋण संख्येची अशी कल्पना लोकांना पटत नाही या कारणानं. उत्तर ५०.

तेव्हा मूळ वजा आहे की अधिक एवढ्यावर निकाल देऊ नका. किंमत गोष्टीतल्या वाक्यात घालून प्रत्येक टप्पा वाचा. लांबी, वय, माणसं, वेग यांत मधल्या एखाद्या टप्प्यालाही वजा किंमत येत असेल तर ते मूळ बाद, आणि "लांबी ऋण नसते, म्हणून क्ष = −६ ग्राह्य नाही" असं एक वाक्य उत्तरपत्रिकेत हवंच. शेवटी क्ष किती एवढंच न लिहिता विचारलेल्याचं उत्तर लिहा. क्ष ही रुंदी धरली असेल आणि प्रश्न लांबीचा असेल, तर काम अजून बाकी आहे.

सरावाला

क्रम मुद्दाम असा लावला आहे, सोडवताना बदलू नका.

१) क्ष² − ९क्ष + २० = ०
२) क्ष² = ११क्ष
३) ५क्ष² − ४५ = ०
४) क्ष(क्ष − २) = २४
५) −क्ष² + क्ष + ३० = ०
६) २क्ष² + क्ष − १५ = ०
७) १२क्ष² − २५क्ष + १२ = ०
८) क्ष² + ६क्ष + ४ = ०

उत्तरं: १) ४, ५. २) ०, ११. ३) ३, −३. ४) ६, −४. ५) ६, −५. ६) ५/२, −३. ७) ४/३, ३/४. आठव्याचा विवेचक २०, तेव्हा ते पुढच्या पद्धतीसाठी राखून ठेवा.